उणे वीसमध्ये गाडी सुरू होईना? कोल्हापूरहून लडाख-स्पितीला निघालेल्यांसाठी

कोल्हापुरात जानेवारीतली पहाट म्हणजे फार तर बारा-चौदा अंश. रंकाळ्यावर फिरायला येणारी माणसं कानटोपी घालतात, चहाच्या गाड्यांवर गर्दी वाढते आणि दुचाकी पहिल्या नाहीतर दुसऱ्या सेल्फला सुरू होते. इथं गाडी शिकलेल्या माणसाचा थंडीशी खरा सामनाच होत नाही. मग हाच माणूस सप्टेंबरच्या अखेरीस मनाली-लेह रस्त्यावरच्या सार्चूच्या तंबूतून पहाटे बाहेर येतो. सीटवर दवाचा पांढरा बर्फ झालेला असतो. तो सवयीनं बटण दाबतो, इंजिन दोनदा कण्हतं आणि गप्प होतं. पुढच्या पाच मिनिटांत तो काय करतो, यावर त्याचा दिवस ठरतो. बहुतेक जण त्या पाच मिनिटांत बॅटरी संपवून टाकतात.

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडून दरवर्षी पोरंपोरी गाड्या घेऊन तिकडं जातात. हल्ली हिवाळी स्पितीचीही ओढ वाढली आहे, आणि तिथं रात्री पारा उणे वीसच्या खाली जाऊ शकतो. ज्यांनी शून्याखाली कधी गाडी सुरू केलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. थंडीत सुरू न होणाऱ्या बहुतेक गाड्यांत बिघाड नसतोच. काय आधी तपासायचं आणि काय नंतर, याचा क्रम चुकलेला असतो. तो क्रम नीट समजावा एवढाच उद्देश आहे.

थंडीत नेमकं काय होतं

सगळ्यात मोठा फटका बॅटरीला. आपल्या दुचाकीतल्या शिसं-आम्लाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांच्या आसपास तिची इंजिन फिरवायची ताकद जवळपास निम्म्यावर येते. त्याच वेळी इंजिनाला मात्र नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो, कारण तेल घट्ट झालेलं असतं. डिसेंबरच्या पहाटे गुऱ्हाळातली काकवी डब्यातून ओतताना कशी लोंबते, तसं ते आतल्या सगळ्या भागांना धरून बसतं. म्हणजे देणारा दुबळा झालाय आणि मागणाऱ्याची भूक वाढलीय.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. तिकडच्या थंडीत पेट्रोल गोठत नाही, पण त्याची वाफ नीट होत नाही, आणि ठिणगीनं पेटते ती वाफ. इथेनॉलची वाफ व्हायला तर आणखी उष्णता लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल आता देशभरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. त्यातून ऊस उत्पादकाच्या हातात पैसा येतो हे चांगलंच आहे, पण जुन्या कार्बोरेटरच्या, म्हणजे संगणकाविना हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या गाडीला थंडीत त्यामुळे थोडं जड जातं हे लक्षात असू द्या. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी शून्याखाली गोठतं.

तिसरी गोष्ट उंची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. लडाखमधली पांग किंवा हानले साडेचार हजार मीटरच्या घरात आहेत, आणि तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. फ्युएल इंजेक्शनची गाडी हे ओळखून पेट्रोल कमी करते. कार्बोरेटरला ते कळत नाही. त्यामुळे तिथं पेट्रोल जास्त आणि हवा कमी अशी गत होते, आणि चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढला की गाडी पटकन ओव्हर होते, म्हणजे आत नको तेवढं पेट्रोल साचतं.

तुमची गाडी यातली कुठली, हे आधी माहीत करून घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला, त्यानंतरच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आहे आणि हाताचा चोक नाही. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या कार्बोरेटरच्या. पुढचं अर्धं काम या एका फरकावर अवलंबून आहे.

निघण्यापूर्वी, उद्यमनगरात

आपल्याकडे उद्यमनगर आहे, हे कोल्हापूरकरांचं भाग्य म्हणायचं. इंजिनाचा कुठलाही भाग उघडून, घासून, बसवून देणारी माणसं तिथं आहेत. पण तिकडच्या थंडीसाठी काय हवं हे मिस्त्रींना तुम्हालाच सांगावं लागेल. नुसतं ‘लडाखला चाललोय, सर्व्हिसिंग करा’ म्हटलं की तेल बदलून, ब्रेक बघून, चेन ताणून गाडी हातात मिळते.

पहिली परीक्षा घरी घ्या, तिला पैसे पडत नाहीत. गाडी रात्रभर अंगणात उभी ठेवा आणि पहाटे कोणी न हलवता एकच सेल्फ मारा. कोल्हापूरच्या थंडीत जी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला सुरू होते, ती उणे दहामध्ये सुरू होणार नाही हे धरून चाला. ‘तिची सवयच आहे तशी’ असं म्हणून सोडून देऊ नका. त्या सवयीचं कारण इथंच शोधा.

बॅटरी तीन वर्षांच्या वर वापरलेली असेल तर वाद न घालता नवी घ्या. त्याहून नवी असेल तर पूर्ण चार्ज करून, रात्रभर तशीच ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मग मीटर लावलेला असतानाच कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी आतून थकलेली आहे.

टर्मिनल मात्र स्वतः बघा. एक जुने मिस्त्री बॅटरीला हात लावण्याआधी दोन बोटांनी वायरचं टोक धरून हळूच पिळतात. ते केसभर जरी हललं तरी ते लगेच पान्यानं आवळत नाहीत. आधी टोक सोडवतात, पांढरी-हिरवट बुरशी पॉलिश पेपरनं घासतात, आतला पितळी पत्रा चमकेपर्यंत, आणि मग बोल्ट आवळून वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवतात. पाच मिनिटांचं काम आहे. कोल्हापुरात सैल टर्मिनलवरही गाडी सुरू होते, कारण इथं करंटाला धावायला वाव असतो. तिकडं तो वाव नसतो.

तेलाच्या डब्यावरचा डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा असतो. २०डब्ल्यू तेलाची थंडीतली फिरण्याची चाचणी उणे १५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि १०डब्ल्यूची उणे २५ ला. त्यामुळे जून-जुलैच्या लडाखला १५डब्ल्यू-५० व्यवस्थित चालतं, पण हिवाळी स्पितीला २०डब्ल्यू-५० भरून जाणं म्हणजे रोज सकाळी भांडण ओढवून घेणं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ज्या ग्रेडना परवानगी आहे, त्यातली सगळ्यात लहान डब्ल्यूची घ्या. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ हा दुचाकीच्या तेलाचा शिक्का असलाच पाहिजे. चारचाकीचं तेल ओतलं तर दुचाकीचा ओला, म्हणजे तेलातच फिरणारा क्लच घसरतो.

कूलंट असलेल्या गाडीवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. आपल्याकडे कूलंट कमी झालं की नळाचं पाणी टॉप-अप करायची पद्धत आहे, आणि इथल्या हवेत ते खपूनही जातं. पण साधं पाणी गोठताना फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक तडकवतं. मग गाडी सुरू होण्याचा प्रश्नच उरत नाही. जुनं सगळं काढून टाका आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळून भरा. ते उणे ३५ च्याही थोडं खालपर्यंत टिकतं. तयार मिसळलेलं मिळतं, त्याच्या डब्यावर किती अंशांपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

बाकीचं थोडक्यात. टॅपेट सेटिंग तपासून घ्या, कारण व्हॉल्व्ह घट्ट बसवलेले असतील तर कॉम्प्रेशन जातं आणि ते थंडीतच सगळ्यात आधी जाणवतं. नवा स्पार्क प्लग घाला आणि एक जोडी जवळ ठेवा. एअर फिल्टर नवा. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये तेल सोडा, नाहीतर आत शिरलेलं पाणी रात्री गोठून केबल जाम होते. जादा फॉग लाइट लावले असतील तर ते इग्निशनवरून जोडलेत की थेट बॅटरीवरून, ते बघून घ्या.

सोबत न्यायच्या पिशवीत छोटा मल्टिमीटर, प्लग पाना, प्लग, गाडीला लागतात त्याच आकड्याचे फ्यूज, जम्पर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या वायरी), इन्सुलेशन टेप, डोक्याला लावायचा टॉर्च आणि रबराची गरम पाण्याची पिशवी. ही शेवटची वस्तू विसरू नका. घरात आजीच्या कपाटात ती नक्की असते.

आणि गाडी रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर टाकी रिकामी करावी लागते. त्याच वेळी बॅटरीचं काळं टोकही सोडून ठेवा, म्हणजे वाटेतल्या दिवसांत ती उतरणार नाही. मात्र उतरवून घेतल्यावर ते टोक पान्यानंच आवळा, हातानं नको.

रात्री गाडी लावताना

सकाळची निम्मी लढाई रात्री जिंकता येते. गाडी वाऱ्याच्या आडोशाला लावा, आणि सकाळचं पहिलं ऊन इंजिनावर पडेल अशा बाजूला तिचं तोंड करा. तिकडं हवा विरळ असल्यानं ऊन चटकन तापतं. अर्धा तास ऊन खाल्लेली गाडी आणि सावलीतली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शक्य असेल तर उतारावर, तोंड उताराकडं करून लावा. टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आतल्या रिकाम्या जागेत ओल धरून पाणी पेट्रोलमध्ये उतरत नाही. वाटेत ओढा ओलांडला असेल तर थांबण्याआधी थोडा वेळ हलका ब्रेक लावत चालवा. ओले ब्रेक पॅड रात्रीत डिस्कला चिकटून बसतात.

पारा उणे दहाच्या खाली जाणार असेल तर बॅटरी काढून खोलीत घ्या. आधी काळं टोक सोडायचं, मग लाल. सकाळी लावताना आधी लाल, मग काळं. होमस्टेमध्ये सांगितलं तर लोक आनंदानं बुखारीच्या (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या) खोलीत जागा देतात. फक्त बुखारीला चिकटवून ठेवू नका, चार-पाच फूट लांब पुरे. दिवसभर काम करून ओशट झालेली बॅटरी कोणाच्या गालिच्यावर ठेवण्याआधी खाली पोतं टाका, एवढी जाण ठेवायची.

सकाळ: आधी बटणापासून हात लांब

आता मुख्य काम. क्रमानं जा, पायरी गाळू नका.

१. आधी नुसतं बघा. किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा खटका) चालू आहे का, गाडी न्यूट्रलला आहे का, साइड स्टँड वर आहे का. साइड स्टँडचा स्विच चिखल-बर्फानं अडकलेला असतो आणि माणूस तासभर बॅटरीला दोष देत बसतो. क्लच दाबून सोडा, ॲक्सिलरेटर फिरवून सोडा. दोन्ही आपोआप जागेवर येत नसतील तर केबल गोठली आहे. तिच्यावर कोमट पाण्याची पिशवी धरा.

२. किल्ली फिरवा आणि थांबा. इंजेक्शनच्या गाडीत दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घूंऽऽ ऐकू येते. ती थांबेपर्यंत बटण दाबायचं नाही. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की पंप पुन्हा एकदा दाब भरतो, तसं दोनदा करा. ही घूं ऐकूच आली नाही तर आधी फ्यूज बघा.

३. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक उघडा, चोक पूर्ण ओढा आणि ॲक्सिलरेटरला हात लावू नका. तो उघडला तर चोकचा उपयोगच उरत नाही. किक असेल तर किल्ली बंद ठेवून चार-पाच सावकाश किक मारा. त्यानं घट्ट तेल सुटतं, पेट्रोल आत ओढलं जातं आणि बॅटरीचा थेंबही खर्च होत नाही.

४. क्लच पूर्ण दाबा. न्यूट्रल असलं तरी दाबा, कारण त्यामुळे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल घुसळायचं ओझं स्टार्टरवरून उतरतं. मग एकच सेल्फ, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. सुरू झाली नाही तर निदान अर्धा मिनिट थांबा. त्या अर्ध्या मिनिटात बॅटरी थोडी सावरते आणि स्टार्टर निवतो. दुसरा, तिसरा, आणि मग थांबायचं. तीन प्रयत्नांत जी सुरू झाली नाही ती तेराव्यालाही होत नाही. आता ऐकलेल्या आवाजावरून पुढं जायचं.

आवाज काय सांगतो

नुसतं टक, किंवा टक-टक-टक. म्हणजे स्टार्टरला करंट सोडणारा रिले उचलतोय पण स्टार्टर फिरवायला करंट पुरत नाही. बॅटरी किंवा टर्मिनल.

गेल्या हिवाळ्यात स्पितीतल्या काझाहून आपल्याच भागातल्या एका पोराचा सकाळी फोन आला.

“दादा, सेल्फ मारतोय, नुसतं टकटक वाजतंय.”

“किती वेळा मारलास?”

“झाले असतील पंधरा-वीस.”

“आता बटणाला हात लावू नकोस. सीट काढ आणि लाल टोक हलवून बघ.”

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग म्हणाला, “दादा, हे गोल फिरतंय.”

पार्सलमधून गाडी सोडवून घेताना ते हातानंच आवळलेलं होतं, आणि त्यानंतर शेकडो किलोमीटरच्या खडबडीत रस्त्यानं त्याला ढिलं केलं होतं. आवळून लगेच सेल्फ मारायला मी त्याला नको म्हटलं. वीस सेल्फ खाल्लेली बॅटरी त्यानं घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, पोटभर नाश्ता केला, आणि तासाभरानं बसवल्यावर गाडी सुरू झाली. त्या तासात त्यानं दुसरं काहीही केलं नव्हतं. थंड बॅटरीला ऊब दिली की तिची हरवलेली ताकद बरीचशी परत येते, कारण ती संपलेली नसते, गारठलेली असते.

बॅटरी काढून आत नेणं जमत नसेल तर गरम पाण्याची पिशवी तिच्यावर ठेवून वरून गोधडी टाका, वीस-पंचवीस मिनिटं. पण त्याआधी तिच्या कडा बघा. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर ती गोठली आहे. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे सात-आठलाच गोठते. गोठलेल्या बॅटरीला जम्पर किंवा चार्जर कधीही लावायचा नाही, ती फुटू शकते.

काहीच आवाज नाही, डॅशबोर्डही अंधारात. मुख्य फ्यूज, नाहीतर काळं टोक. दोन्ही बघा. डॅशबोर्ड उजळतोय आणि तरी टकसुद्धा नाही, तर किल स्विच, स्टँडचा स्विच किंवा क्लचचा स्विच.

घर्रऽऽ... घर्रऽऽ असं जड फिरतंय. बॅटरी थोडी कमी आणि तेल घट्ट. इथं ऊब दोन ठिकाणी हवी, बॅटरीवर आणि इंजिनाच्या खालच्या भागावर. पिशवी क्रँककेसला टेकवून बांधा आणि गाडीवर ताडपत्री टाकून ऊब आत कोंडा. ऊन येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबाच. सकाळी सहाला निघायचा हट्ट कोल्हापूर-गोवा प्रवासात ठीक आहे. तिकडं नऊ-साडेनऊला निघणारे पुढं पोहोचतात.

जोरात फिरतंय पण सुरू होत नाही. बॅटरी चांगली आहे, आता पेट्रोल किंवा ठिणगी. नाक वापरा. सायलेन्सरशी कच्च्या पेट्रोलचा वास येतोय का?

वास येत असेल तर गाडी ओव्हर झाली आहे. चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि तसाच धरून पाच सेकंद सेल्फ मारा. जादा पेट्रोल बाहेर फेकलं जातं. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की सेल्फच्या वेळी पेट्रोल सोडणं बंद होतं. दोनदा करूनही काही झालं नाही तर प्लग काढा. चार हजार मीटरवर कार्बोरेटरच्या गाडीला पूर्ण चोक पुष्कळदा जास्तच होतो, म्हणून पुढच्या वेळी अर्ध्या चोकवर प्रयत्न करा.

वास येत नसेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. कार्बोरेटरच्या तळाला निचऱ्याचा स्क्रू असतो. खाली झाकण धरून तो सोडा. थेंबही आला नाही तर नळीत किंवा कॉकमध्ये बर्फ असू शकतो. पेट्रोल आलं आणि झाकणात तळाशी वेगळे गोल थेंब लोळताना दिसले तर ते पाणी आहे. ते सगळं जाऊ द्या, स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत. हातमोजे घालूनच करा. गारठलेलं पेट्रोल उघड्या कातडीवर पडलं की उडता उडता उष्णता ओढून नेतं आणि बोटांना हिमदंश होतो. उघडा धातूही असाच, उणे वीसमध्ये ओल्या बोटानं पाना धरू नका.

आता प्लग. काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर ती आत पडते. प्लगचं टोक हातात घेऊन नीट बघा. ओलं चकचकीत आणि पेट्रोलचा वास म्हणजे ओव्हर. कोरडं, सुक्या काजळीनं काळं म्हणजे गाडी आधीपासूनच जास्त पेट्रोल खातेय, तो प्लग खिशात टाका आणि नवा लावा. कोरडं आणि स्वच्छ म्हणजे पेट्रोल येत नाही, पुन्हा वरच्या परिच्छेदाकडं जा. ओला प्लग पुसून, नीट कोरडा करून खोलीत शेकोटीपाशी दहा मिनिटं गरम करून आणला आणि तसाच लावला तर पुष्कळदा गाडी लगेच पकडते. लावताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा प्लग पान्यानं रेटला तर आटे जातात आणि तिथं उद्यमनगर नाही.

ठिणगी तपासायची असेल तर प्लग टोपीत घालून त्याचा धातू इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारा. निळी, टणक ठिणगी हवी. प्लगच्या भोकापासून लांब धरा, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नसू द्या, आणि इंजेक्शनच्या गाडीत आधी पंपाचा फ्यूज काढा. ठिणगीच नसेल तर टोपी आणि वायरमधली ओल पुसून पुन्हा बघा.

जम्पर आणि धक्का

दुसऱ्या दुचाकीवरून किंवा बंद ठेवलेल्या चारचाकीवरून जम्पर घेता येतो. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीला नाही. काढताना उलट क्रम. पाच मिनिटं तसंच जोडून ठेवून मग सेल्फ मारा.

ट्रकवरून मात्र घेऊ नका. मदत करायला पहिला थांबतो तो ट्रकवालाच, आणि मोठ्या ट्रकांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. तुमच्या १२ व्होल्टच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, एका क्षणात जळू शकतो. त्यांच्याकडून चहा घ्या, गरम पाणी घ्या, करंट नको.

धक्का मारायचा तर कोरडा उतार बघा. किल्ली चालू, दुसरा किंवा तिसरा गिअर, क्लच दाबून गाडी पळवायची आणि वेग आला की बसतानाच क्लच सोडायचा. पहिल्या गिअरवर चाक नुसतं घसरतं. इंजेक्शनच्या गाडीत डॅशबोर्ड उजळत नसेल तर धक्क्याचा उपयोग नाही, पंप आणि ईसीयूला थोडा तरी करंट लागतोच. आणि साडेचार हजार मीटरवर गाडी ढकलणं म्हणजे काय हे इथं बसून कळत नाही. पंधरा पावलांत छाती भरून येते. नुकतेच वर पोहोचलेल्यांनी, डोकं दुखत असलेल्यांनी धक्क्याला हात लावू नये. दोघांनी ढकलायचं, दोन प्रयत्न, बास.

इंजिनाखाली शेकोटी नको

तिकडं ट्रकवाले टाकीखाली, इंजिनाखाली जाळ करताना दिसतील. ते बघून आपली पोरंही गाडीखाली स्टोव्ह सरकवतात. डिझेलच्या वाफेला पेट घ्यायला बऱ्यापैकी उष्णता लागते, पेट्रोलची वाफ उणे चाळीसलाही पेटते. ट्रकवाल्याला जे निभावतं ते तुम्हाला निभावणार नाही. उकळतं पाणी इंजिनावर ओतणंही तसंच वाईट. गार धातूला तडा जाऊ शकतो, आणि ते पाणी पाच मिनिटांत स्विच-केबलमध्ये बर्फ होऊन बसतं. आणि थंडी वाजते म्हणून गाडी बंद शेडमध्ये, पडवीत किंवा तंबूच्या तोंडाशी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि उंचीवर रक्तात प्राणवायू आधीच कमी असतो.

सुरू झाल्यावर

रेस देऊ नका. गारठलेलं तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दिलेली रेस म्हणजे कोरडं घासणं. एक-दोन मिनिटं आपल्या चालीनं फिरू द्या, चोक हळूहळू बंद करा, आणि मग पहिले काही किलोमीटर कमी वेगात चालवा. इंजिन चालवताना लवकर तापतं, जागेवर फार हळू. नुसत्या आयडलिंगवर बॅटरीही नीट भरत नाही, त्यामुळे सुरू झाली म्हणून फोटो काढायला लगेच बंद केली तर सगळं पहिल्यापासून. निदान अर्धा-पाऊण तास सलग चालवा, आणि तोवर फॉग लाइट, गरम ग्रिप, मोबाइल चार्जर बंद ठेवा. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक जागेवरच दाबून बघा.

सोबत सामानाची डिझेल गाडी असेल तर तिचं दुखणं वेगळं. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं आहे. हिवाळ्यात तिकडं पोहोचताना खालून भरून आणलेलं डिझेल शक्य तितकं संपवत जा आणि वर गेल्यावर हे भरा, आणि भरल्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे नळीत आणि फिल्टरमध्ये अडकलेलं जुनं डिझेल रात्र होण्याआधी जळून जाईल.